कर्मवीर भाऊराव पाटील आणि गरिबाच्या लेकराचे शिक्षण

निवासी शाळा हा शब्द आज आपल्याला परिचयाचा झाला आहे. गावापासून दूर राहून शिकणारे मूल, त्याचे अंथरूण, त्याचे ताट, त्याचा अभ्यास आणि त्याचे आजारपण या साऱ्यांची जबाबदारी घेणारी संस्था, असे तिचे रूप आपण जाणतो. परंतु शंभर वर्षांपूर्वी खेड्यातील गरीब मुलाच्या वाट्याला असे काही येऊ शकते, ही कल्पनाच दुर्मीळ होती. महात्मा जोतीराव फुले आणि क्रांतिज्योती सावित्रीबाई यांनी शाळेचे दार उघडले. राजर्षी शाहू महाराजांनी कोल्हापुरात वसतिगृहांची मालिका उभी केली. त्याच परंपरेतून पुढे आलेल्या आणि वसतिगृह थेट रयतेच्या अंगणात नेणाऱ्या कर्मवीर भाऊराव पाटील यांचे चरित्र प्रस्तुत लेखात मांडत आहे. ते मांडताना शिक्षक म्हणून एक प्रश्न सतत समोर ठेवला आहे. गरिबीत वाढणारे मूल शाळेत यावे, टिकावे आणि ताठ मानेने बाहेर पडावे, यासाठी शिकवणाऱ्याने नेमके काय केले पाहिजे?

भाऊराव पायगोंडा पाटील यांचा जन्म २२ सप्टेंबर १८८७ रोजी कोल्हापूर जिल्ह्यातील कुंभोज येथे झाला. घराणे जैन, शेतकरी; मूळ गाव आजच्या सांगली जिल्ह्यातील ऐतवडे बुद्रुक. वडील महसूल खात्यात नोकरीस होते. त्यामुळे बदलीच्या गावोगावी भाऊरावांचे बालपण गेले. अभ्यासापेक्षा कुस्ती, पोहणे आणि सवंगड्यांची संगत त्यांना अधिक प्रिय होती. जातीची उतरंड मात्र त्यांना लहानपणापासून खुपत असे. अस्पृश्यांना विहिरीचे पाणी घेऊ देत नाहीत हे पाहून या मुलाने त्या विहिरीचा रहाट मोडून टाकला, अशी हकिकत त्यांच्या चरित्रांतून सांगितली जाते. पुढील आयुष्याशी ती पूर्णपणे सुसंगत आहे.

माध्यमिक शिक्षणासाठी ते कोल्हापूरच्या राजाराम हायस्कूलमध्ये दाखल झाले आणि जैन बोर्डिंगमध्ये राहू लागले. कोल्हापुरात त्या काळी शाहू महाराजांच्या पुढाकाराने निरनिराळ्या समाजांची वसतिगृहे उभी राहत होती. १९०८ साली अस्पृश्य विद्यार्थ्यांसाठी मिस क्लार्क बोर्डिंग स्थापन झाले. त्या समारंभास भाऊराव उपस्थित राहिले. परत आल्यावर स्नान करून शुद्ध होण्याची अपेक्षा त्यांच्याकडून केली गेली. त्यांनी ती नाकारली आणि त्यांना बोर्डिंग सोडावे लागले. वसतिगृह मुलाला छत्र देते, तसेच जातीच्या नावाने ते छत्र काढूनही घेते, हा अनुभव त्यांनी ऐन विद्यार्थिदशेत घेतला. पुढे काही काळ त्यांना शाहू महाराजांच्या वाड्यावर आश्रय मिळाला आणि महाराजांचे काम जवळून पाहता आले. औपचारिक शिक्षण मात्र इंग्रजी सहावीच्या पुढे गेले नाही. मॅट्रिकही न झालेला हा विद्यार्थी पुढे हजारो मॅट्रिक आणि पदवीधर घडवणार होता, ही गोष्ट गुणपत्रिकेवरून मुलाचे भविष्य ठरवणाऱ्या आम्हा शिक्षकांनी विसरता कामा नये.

शिक्षण सुटल्यावर त्यांनी साताऱ्यात खाजगी शिकवण्या घेतल्या. पुढे किर्लोस्करांच्या लोखंडी नांगराचा प्रचार आणि विक्री करीत ते खेडोपाडी हिंडले. साताऱ्याजवळ कूपर यांचा कारखाना उभा राहत असताना त्याही कामात त्यांनी भाग घेतला. या भटकंतीचा लाभ पुढे शिक्षणाला झाला. नांगर विकणारा माणूस शेतकऱ्याच्या बांधावर बसतो, त्याच्या घरची भाकरी खातो, कर्जाची कहाणी ऐकतो. शेतकऱ्याचे मूल शाळेत का जात नाही, हे भाऊरावांना तेथे उमगले. शाळा गावापासून कोसभर लांब असते. मुलाच्या हातात गुरांचा कासरा असतो. धाकट्या भावंडाला सांभाळायला घरी दुसरे कोणी नसते. आणि अस्पृश्याचे मूल या सर्वांतून वाट काढून शाळेपर्यंत पोहोचलेच, तर त्याला वर्गाबाहेर बसावे लागते. पालकांना शिक्षणाचे महत्त्व कळत नाही, असे सोपे निदान त्या काळीही केले जात असे आणि आजही केले जाते. भाऊरावांनी ते स्वीकारले नाही. मुलाच्या घरची परिस्थिती समजून घेणे हा त्यांच्या शिक्षणविचाराचा पहिला पाठ होता.

याच काळात त्यांच्या सत्त्वाची परीक्षा पाहणारा प्रसंग घडला. १९१४ साली कोल्हापुरात राजपुतळ्याला डांबर फासल्याचे प्रकरण झाले. त्यात अण्णासाहेब लठ्ठे यांना गोवण्यासाठी भाऊरावांनी खोटी साक्ष द्यावी, असा दबाव त्यांच्यावर आणण्यात आला. ज्या जैन बोर्डिंगमधून त्यांना बाहेर पडावे लागले होते, त्याच्याशी लठ्ठे यांचा संबंध होता. तरीही भाऊरावांनी खोटे बोलण्यास नकार दिला आणि कोठडीतील छळ सोसला. व्यक्तीविषयीचा राग आणि सत्य यांची गल्लत न करणारा हा स्वभाव पुढे संस्था चालवताना त्यांच्या उपयोगी पडला.

दूधगाव येथे १९१० च्या सुमारास त्यांनी सहकाऱ्यांसह विद्यार्थ्यांच्या निवासाची सोय करणारा एक प्रयोग केला होता. त्यातून मिळालेल्या अनुभवावर आणि सत्यशोधक चळवळीच्या संस्कारावर ४ ऑक्टोबर १९१९ रोजी, विजयादशमीच्या दिवशी, कराडजवळच्या काले या गावी त्यांनी रयत शिक्षण संस्थेची स्थापना केली. रयत हे नावच बोलके आहे. ज्यांच्या श्रमावर राज्य आणि समाज चालतो, परंतु ज्यांच्या घरी पाटी-पुस्तक पोहोचत नाही, त्या सामान्य कष्टकऱ्यांची ही संस्था होती. वटवृक्ष हे तिचे बोधचिन्ह ठरले. एका फांदीची पारंबी जमिनीत रुजते आणि स्वतःच खोड बनते. शिकलेल्या मुलाने तसेच आपल्या गावी रुजावे, असा त्यामागचा आशय.

१९२४ साली भाऊरावांनी कार्याचे केंद्र साताऱ्यास हलवले आणि तेथे वसतिगृह सुरू केले. त्यास छत्रपती शाहू महाराजांचे नाव देण्यात आले. २५ फेब्रुवारी १९२७ रोजी महात्मा गांधींच्या हस्ते हा नामकरण समारंभ झाला. या वसतिगृहाचे ऐतिहासिक वेगळेपण नीट समजून घेतले पाहिजे. शाहू महाराजांची बहुतेक वसतिगृहे त्या त्या समाजासाठी होती. प्रत्येक समाजाने आपापल्या मुलांसाठी निधी उभारावा आणि जबाबदारी घ्यावी, यासाठी त्या काळी ती वाट आवश्यक होती. भाऊरावांनी त्यापुढचे पाऊल टाकले. त्यांच्या बोर्डिंगात मराठा, महार, मांग, चांभार, जैन, मुसलमान अशी सर्व मुले एका छपराखाली राहत, एकाच चुलीवर शिजलेले अन्न एका पंगतीत खात.

सातारा या गावाचा विचार केला म्हणजे या पंगतीचे मोल अधिक स्पष्ट होते. ७ नोव्हेंबर १९०० रोजी याच साताऱ्यातील सरकारी शाळेत भीमराव नावाच्या विद्यार्थ्याचे नाव इंग्रजी पहिलीत दाखल झाले. त्याला बसण्यासाठी गोणपाट घरून न्यावे लागे. तहान लागली तरी नळाला हात लावता येत नसे. शिपाई पाणी घालील तेव्हाच त्याची तहान भागे. पुढे बाबासाहेबांनी स्वतः या आठवणी लिहून ठेवल्या आहेत. त्या प्रवेशानंतर २४ वर्षांनी त्याच गावात एक अस्पृश्य मूल सवर्ण मुलाच्या मांडीला मांडी लावून जेवू लागले. सारे सातारा शहर बदलले होते असे नव्हे. एका माणसाने आणि त्याच्या पत्नीने आपल्या चुलीभोवतीचा नियम बदलला होता.

त्या पत्नीचे नाव लक्ष्मीबाई. कर्मठ संस्कारात वाढलेल्या या बाईंना हा बदल सहज पेलला असेल असे मानण्याचे कारण नाही. परंतु त्यांनी तो केवळ सोसला नाही, अंगीकारला. मुलांचा स्वयंपाक, आजारी मुलाच्या उशाशी जागरण, नव्याने आलेल्या आणि आईच्या आठवणीने रडणाऱ्या लहानग्याला जवळ घेणे, हे सारे त्यांनी केले. धान्य संपले तेव्हा एकेक दागिना मोडला आणि शेवटी मंगळसूत्रही मुलांच्या अन्नासाठी दिले. १९३० साली त्यांचे निधन झाले. रयत शिक्षण संस्थेचा इतिहास लिहिताना इमारतींची संख्या मोजली जाते. पण तिच्या पायात या माउलीचे सोने आणि आयुष्य गाडलेले आहे. निवासी शाळेत स्वयंपाकघर सांभाळणारी बाई, रात्री दिवा घेऊन फेरी मारणारा अधीक्षक हेही शिक्षकच असतात, हे लक्ष्मीबाईंच्या जीवनावरून कळते. उपाशी मुलाच्या कानात अक्षर शिरत नाही, आणि उपेक्षित मुलाच्या मनात ते रुजत नाही.

आता एका नाजूक प्रश्नाकडे वळू या. भाऊरावांच्या शिक्षणपद्धतीचा कणा श्रम हा होता. कमवा आणि शिका या नावाने ती पद्धत पुढे सर्वत्र ओळखली गेली. मुले शेतात राबत, खडी फोडत, माती आणि विटा वाहत, झाडलोट करत, आळीपाळीने स्वयंपाक करत आणि त्या श्रमाच्या बळावर शिकत. फुकटचे दान घेणाऱ्या मुलाची मान खाली जाते, स्वकष्टाने शिकणाऱ्याची वर राहते, अशी त्यांची धारणा होती. परंतु आपल्या समाजातील एखादा पालक येथे विचारू शकतो की, आमच्या बापजाद्यांनी पिढ्यान्‌पिढ्या वेठ केली, महारकीची कामे केली, गावची ओझी वाहिली. मग आमच्या पोरांना शाळेतही पुन्हा टोपले का उचलायला लावायचे? हा प्रश्न रास्त आहे. तो टाळून कर्मवीरांचा गौरव करणे प्रामाणिकपणाचे होणार नाही.

उत्तर शोधताना वेठ आणि श्रम यांतील फरक पाहावा लागतो. वेठीत राबणारा एका जातीचा असतो आणि फळ खाणारा दुसऱ्या जातीचा. वेठीला नकार देता येत नाही. आणि वेठ करणाऱ्याच्या हाती अखेरीस अक्षरही लागत नाही. भाऊरावांच्या बोर्डिंगात या तिन्ही गोष्टी उलट होत्या. शेणाची पाटी पाटलाच्या मुलानेही उचलली आणि महाराच्या मुलानेही. पिकलेले धान्य राबणाऱ्यांच्याच ताटात पडले. आणि दिवसाच्या शेवटी हाती पुस्तक आले. सवर्ण मुलासाठी हे काम जातीचा ताठा उतरवणारे होते, तर दलित मुलासाठी आपल्या कष्टाचा मालक आपणच असल्याची पहिली ओळख होती. खुद्द भाऊराव अंगावर खादी आणि खांद्यावर घोंगडी घेऊन मुलांमध्ये वावरत. ज्या दिवशी श्रम एकाच जातीच्या मुलांच्या वाट्याला जातील, शिक्षक सावलीत उभा राहील किंवा श्रमापायी अभ्यास बुडेल, त्या दिवशी तीच पद्धत वेठ ठरेल. ही कसोटी आपण आजही लावली पाहिजे. आज कायद्याने बालकांना मोफत शिक्षणाचा हक्क आहे. त्यामुळे मुलाने फी श्रमातून फेडावी, हा आग्रह उरत नाही. उरतो तो त्यामागचा विचार, की मुलाला दयेचा विषय करू नये. त्याला घरातील कर्त्या माणसासारखी जबाबदारी आणि मान द्यावा.

भाऊरावांची दुसरी दूरदृष्टी शिक्षकांविषयीची होती. शाळा काढणे सोपे, पण खेड्यात राहणारा आणि खेड्यातील मुलाला आपले मानणारा शिक्षक मिळणे कठीण, हे त्यांनी ओळखले. म्हणून १९३५ साली त्यांनी साताऱ्यात अध्यापक विद्यालय सुरू केले. पुढे त्यास महात्मा फुले यांचे नाव लाभले. वसतिगृहात वाढलेली, गरिबी अंगावर झेललेली मुलेच तेथे शिक्षक म्हणून तयार झाली आणि शाळा नसलेल्या वाड्यावस्त्यांवर जाऊन बसली. मंदिराचा ओटा, चावडी, गोठ्याची पडवी, मिळेल ती जागा शाळा झाली. अशा पाचशेहून अधिक प्राथमिक शाळा संस्थेने चालवल्या. जो शिक्षक स्वतः अनवाणी शाळेत गेलेला असतो, त्याला उशिरा आलेल्या मुलावर छडी उगारण्यापूर्वी कारण विचारावेसे वाटते. आजच्या शिक्षणशास्त्रात विद्यार्थिकेंद्रित अध्यापनाची पुष्कळ चर्चा होते. त्या चर्चेचा गाभा भाऊरावांच्या या व्यवस्थेत होता. मुलाने शाळेच्या साच्यात बसावे अशी अट न घालता, शाळेने मुलाच्या पोटाला, वेळेला, भाषेला आणि कामाला सामावून घ्यावे.

१९४० साली साताऱ्यात महाराजा सयाजीराव गायकवाड यांच्या नावाने मोफत निवासी हायस्कूल सुरू झाले. त्यानंतर माध्यमिक शाळांचे जाळे ग्रामीण भागात पसरत गेले. १९४७ साली छत्रपती शिवाजी कॉलेज उभे राहिले. खेड्यातील मुलाला पदवीसाठी पुण्या-मुंबईची वाट धरण्याची गरज उरली नाही. हा प्रवास सरळ नव्हता. १९४८ साली सरकारने संस्थेचे अनुदान थांबवले. संस्था बंद पडेल असे अनेकांना वाटले. पण ज्या रयतेसाठी ती उभी होती, ती रयत पाठीशी राहिली. घराघरातील बायांनी दळणातून बाजूला काढलेले मूठभर धान्य हेही या संस्थेचे भांडवल होते. संत गाडगेबाबांनीही या प्रसंगी सरकारदरबारी शब्द टाकला आणि अनुदान पुन्हा सुरू झाले. पुढे १९५४ साली कराड येथे सुरू झालेल्या महाविद्यालयाला भाऊरावांनी या अक्षरशत्रू समजल्या गेलेल्या, पण अक्षराचे मोल जाणणाऱ्या संताचे नाव दिले.

याच कालखंडात डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचे शैक्षणिक कार्य समांतर चालू होते. १९२४ साली, म्हणजे साताऱ्याचे बोर्डिंग सुरू झाले त्याच वर्षी, बहिष्कृत हितकारिणी सभेची स्थापना झाली आणि १९२५ साली सभेने सोलापूर येथे वसतिगृह सुरू केले. १९४५ साली पीपल्स एज्युकेशन सोसायटी, १९४६ साली मुंबईचे सिद्धार्थ कॉलेज आणि १९५० साली औरंगाबादचे महाविद्यालय, असा तो विस्तार होता. दोघांच्या वाटा एकसारख्या नव्हत्या. भाऊरावांनी सर्व जातींच्या मुलांना एका पंगतीत आणून जातीचा ताठा बालवयातच मोडण्याचा प्रयत्न केला. बाबासाहेबांनी अस्पृश्य समाजाला स्वतःच्या संस्था, स्वतःचे नेतृत्व आणि उच्च शिक्षणाची शिखरे दाखवली. एकाने पंगत बदलली, दुसऱ्याने पंगतीतला हक्क कायद्यात लिहिला. वसतिगृहावाचून गरिबाचे शिक्षण तडीस जात नाही, हे मात्र दोघांनीही सारख्याच स्पष्टपणे ओळखले होते. आपल्या निवासी शाळेच्या मुळाशी हे दोन्ही प्रवाह आहेत.

जनतेने भाऊरावांना कर्मवीर म्हटले आणि मुलांनी अण्णा. १९५९ साली भारत सरकारने त्यांना पद्मभूषण दिले आणि पुणे विद्यापीठाने सन्मान्य डी.लिट. पदवीने गौरवले. मॅट्रिक न झालेल्या माणसाला विद्यापीठाने दिलेली ही पदवी होती. त्याच वर्षी ९ मे रोजी पुणे येथे त्यांचे निधन झाले. त्यांच्यामागे शेकडो प्राथमिक शाळा, शंभरच्या आसपास माध्यमिक शाळा, अनेक वसतिगृहे, अध्यापक विद्यालये आणि महाविद्यालये होती. स्वतःच्या नावावर मात्र सांगण्यासारखी मालमत्ता नव्हती.

चरित्र येथे संपते, परंतु त्यांचे काम संपलेले नाही. ऊसतोडीसाठी आई-बापांबरोबर स्थलांतर करणारे मूल, वीटभट्टीवर वाढणारे मूल, शहराच्या झोपडपट्टीत धाकट्या बहिणीला कडेवर घेऊन वर्गाच्या दारात उभी राहणारी मुलगी, ही सारी भाऊरावांच्या काळातील रयतेचीच लेकरे आहेत. हजेरीपटावर त्यांच्या नावापुढे गैरहजर असा शेरा मारणे सोपे असते. त्यांच्या घरापर्यंत जाणे अवघड असते, आणि शिक्षकाचे काम तेथूनच सुरू होते. शिक्षकबंधू-भगिनींनी वर्गात पाऊल ठेवताना आज कोण जेवून आले नाही याची आधी चौकशी करावी. पालकांनी आपले मूल वसतिगृहात ठेवून निश्चिंत न होता तेथील ताट, पाणी आणि झोपण्याची जागा स्वतः येऊन पाहावी. तो त्यांचा हक्क आहे. आणि माजी विद्यार्थ्यांनी, आज जे अधिकारी, प्राध्यापक, अभियंते, कामगार, व्यावसायिक म्हणून उभे आहेत त्यांनी, वर्षातून एकदा व्यासपीठावर सत्कार स्वीकारण्याबरोबरच एका मुलाच्या वर्षभराच्या पुस्तकांची आणि भाकरीची जबाबदारी घ्यावी. वडाची पारंबी जमिनीला टेकली तरच तिचे खोड होते.

लक्ष्मीबाई आणि भाऊराव पाटील या दांपत्याच्या स्मृतीस विनम्र अभिवादन.